काल भाडेकरू, आज मालक

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच एजंटाचा फोन आला. सदाशिव पेठेतल्या माझ्या एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. "काका, पोरांना किती सांगायचं?" त्याने विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकले. "मागच्या गल्लीत एवढीच जागा अठराला गेली. तुम्ही बाराच घेताय. त्यापेक्षा कॉट बेसिसवर द्या. पाच कॉट आरामात बसतात. कॉटला साडेतीन हजार धरले तरी साडेसतरा होतात. आणि करारबिरार करण्याच्या फंदात पडू नका. एक पोरगा गेला तर दुसरा दारात उभाच असतो."

त्या जागेत सध्या तीन मुले राहतात. एक हिंगोलीचा, दोघे बीडकडचे. तिघेही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका. घरून येणारे पैसे सोयाबीनच्या भावावर अवलंबून. प्रत्येकी चार हजार रुपये भाडे ते पाच तारखेच्या आत देतात. एजंटाने सुचवलेला हिशेब मी कागदावर मांडून पाहिला, हे कबूल करतो. महिन्याला साडेपाच हजार जास्त, म्हणजे वर्षाला सहासष्ट हजार. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. आणि ती घेण्यापासून मला अडवणारे कायद्यात काहीही नाही.

फोन ठेवल्यावर मला माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याची आठवण झाली. वडिलांचा डबा. त्यात मनिऑर्डरच्या पावत्या आहेत. काही परत आलेल्या, 'घेण्यास नकार' असा पोस्टमनचा शेरा असलेल्या. या डब्याची हकिकत सांगितल्याशिवाय भाडेवाढीवर काही लिहिण्याचा मला अधिकार पोचत नाही.

माझे वडील पालिकेच्या शाळेत शिक्षक होते. १९५६ साली त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडे अठरा रुपये. वाड्यात आम्ही धरून आठ बिऱ्हाडे. मालकीणबाई विधवा होत्या, त्या मुलासह माडीवर राहत. आम्ही त्यांना माई म्हणत असू. चौकात एकच नळ आणि एकच हौद, तरी पहिली वीस-पंचवीस वर्षे मोठे भांडण झाल्याचे मला आठवत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माईंच्या माडीवर सगळी बिऱ्हाडे जमत.

भांडण आले ते कौलांवरून. १९८० च्या सुमारास वाडा गळू लागला. वडील म्हणाले, मालकाने दुरुस्ती करावी. माई म्हणाल्या, कशातून करू? त्यांचा प्रश्न खरा होता. अठराचे भाडे करांसह सव्वीसवर गेले होते, आणि आठ बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला दोनशेच्या आसपास रुपये येत. तेवढ्यात वाड्याची दुरुस्ती भागत नव्हती. वडिलांचा पगार या काळात कित्येक पटींनी वाढला होता. भाडे मात्र जागच्या जागी होते, कारण कायद्याने ते तिथेच बांधून ठेवले होते.

या कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्यांदा आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, युद्धकाळापुरता उपाय म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा आले. मग फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, शहरांत जागा मिळेना, आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते 'प्रमाणभाडे' ठरवले. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाणभाडे. मालकाला वाटेल तेव्हा भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही, अशीही तरतूद झाली. त्या घडीला हे अत्यंत योग्य होते. पण हा कायदा तात्पुरता होता. मुदत संपली की विधिमंडळ ती वाढवून देई. तात्पुरत्या कायद्याने पन्नास वर्षे काढली, आणि पन्नास वर्षे भाडे तिथल्या तिथे राहिले. मालकांनी यावर शोधलेले उत्तर म्हणजे पागडी. भाडे वाढत नाही ना, मग खोली हातची जाताना एकरकमी पैसा घ्या, आणि तो पावतीशिवाय घ्या.

आता डब्याकडे येतो. १९८४ साली मी कर्ज काढून कोथरूडला सदनिका घेतली. आई-वडील माझ्याकडे राहायला आले. माई एका संध्याकाळी पायऱ्या उतरून आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आता तुमची सोय झाली. खोल्या मोकळ्या करा. मुलाचं लग्न काढलंय, त्याला जागा नाही." वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते वकिलाकडे गेले. भाडेकरूने दुसरे सोयीचे घर मिळवले तर मालकाला जागा परत मागता येत असे. पण कोथरूडचे घर माझ्या नावावर होते, वडिलांच्या नव्हे. वकिलाने तेवढी फट दाखवली. माईंनी भाडे घेणे बंद केले, वडील दर महिन्याला मनिऑर्डर करू लागले. १९८५ साली माईंनी दावा लावला. वडील आठवड्यातून दोन रात्री त्या खोल्यांत झोपायला जात. विजेचा मीटर फिरता राहायला हवा, जागा वापरात दिसायला हवी, म्हणून. घरात एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक चटई एवढेच सामान होते.

माझे वडील दुष्ट नव्हते. कधी कोणाचा रुपया बुडवला नाही, वर्गातल्या गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरली. पण खोल्या सोडणे त्यांना मूर्खपणा वाटे. सगळे वाडे एक दिवस बिल्डरकडे जाणार, आणि ताबा ज्याचा त्याला जागा मिळणार, हे पेठेतल्या प्रत्येक भाडेकरूला कळले होते. मी त्यांना एकदाही अडवले नाही. माई १९९३ साली गेल्या, तेव्हा दावा चालूच होता. मुलाने तडजोड केली, वाडा पाडला गेला, आणि १९९८ साली नव्या इमारतीत आम्हाला तीनशे चौरस फुटांची मालकीची जागा मिळाली. माझी तीच जागा आज त्या तीन मुलांकडे आहे. सव्वीस रुपये भाड्याच्या जोरावर मी मालक झालो.

हे मी पश्चात्तापाचे प्रदर्शन म्हणून सांगत नाही. त्या काळात हजारो घरांत हेच घडले. सांगायचे ते इतकेच की कायदा एका बाजूला फार झुकला, की दुसऱ्या बाजूची माणसे चिरडली जातात, आणि ज्याच्या बाजूला तो झुकला त्याची नीतीही बिघडते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात नेमके यावर बोट ठेवले. गोठवलेल्या प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याची मुदत लवकरच संपत असल्याने त्या तेव्हाच रद्द केल्या नाहीत, पण सरकारला इशारा मिळाला. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंना संरक्षण कायम राहिले, भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ करायची मुभा मालकाला मिळाली. सव्वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया चार पैसे. मालकांनी हसावे की रडावे!

पण तोवर बाजाराने स्वतःची वाट काढली होती. १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला होता. मालकांनी याचा असा धसका घेतला की जागा कुलूपबंद ठेवणे त्यांना भाड्याने देण्यापेक्षा बरे वाटू लागले. आणि जो देई तो अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'वरच देई. नव्या कायद्याने या पद्धतीला पक्का आधार दिला. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट भरपाई, आणि ताबा मिळवण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा जवळचा मार्ग. जागा परत मिळेल ही खात्री झाली आणि कुलपे उघडली. मला माझी जागा निर्धास्तपणे देता येते ती याच कायद्यामुळे. त्याचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र या परवानाधारकाला प्रमाणभाड्याचा आधार नाही. मुदत संपली की मालक मागेल तो आकडा, नाही तर सामान बांधा. म्हणजे एकाच शहरात, कित्येकदा एकाच जिन्यावर, दोन राज्ये नांदतात. पहिल्या मजल्यावर पागडीचा भाडेकरू तीनशे रुपये देतो आणि जिना पडायला आला म्हणून मालकाशी भांडतो. दुसऱ्या मजल्यावर परवानाधारक पस्तीस हजार देतो आणि पुढच्या वर्षी तो कुठे असेल हे त्याला ठाऊक नसते. एकाला कधीच हलवता येत नाही आणि दुसऱ्याला दर अकरा महिन्यांनी हलवता येते.

माझी मुलगी मुंबईत गोरेगावला भाड्याने राहते. २०२३ साली करार संपला तेव्हा मालकाने अडतीस हजारांचे पन्नास हजार मागितले. मी तिच्याशी बोलताना त्या मालकाला यथेच्छ शिव्या दिल्या. नंतर कळले की आजूबाजूच्या तीन-चार जुन्या सोसायट्या एकाच वेळी पुनर्विकासाला गेल्या होत्या. तिथल्या कुटुंबांना मुलांच्या शाळा सोडायच्या नव्हत्या, सगळ्यांना त्याच परिसरात जागा हव्या होत्या, आणि त्यांचे भाडे बिल्डर देत होता. अशा माणसांपुढे स्वतःच्या पगारातून भाडे देणारा टिकणार कसा? पुण्यातही हेच वेगळ्या कारणाने झाले. २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडी, वाकड, बाणेरच्या जागा ओस पडल्या. २०२२ मध्ये कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले आणि सगळेच एकदम घर शोधू लागले. भाडी उसळली ती पुन्हा खाली आलीच नाहीत.

टाळेबंदीचा विषय निघाला म्हणून आणखी एक कबुली. मार्च २०२० मध्ये माझ्या जागेतली तेव्हाची मुले गावी निघून गेली. खोलीला कुलूप होते, तरी पहिल्या दोन महिन्यांचे भाडे मी पूर्ण घेतले. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, कोणाला घराबाहेर काढू नये, अशा सूचना दिल्या. त्या वाचल्यावर मी निम्मे घेऊ लागलो. सूचना आली नसती तर काय केले असते, याचे उत्तर मला आवडणारे नाही.

मालकाची बाजू मी रोज जगतो, तेव्हा तीही मांडतो. माझी जागा विकली तर चाळीस-पंचेचाळीस लाख येतील. वर्षाचे भाडे एक लाख चव्वेचाळीस हजार, म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, त्यावर दहा टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क, दर दोन वर्षांनी रंग, मधला एखादा रिकामा महिना आणि एजंटाची दलाली. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, तोही भुर्दंड. बँकेतली मुदतठेव याहून जास्त देते. शिवाय सगळेच मालक धनाढ्य नसतात. एकाच जागेच्या भाड्यावर औषधपाणी भागवणाऱ्या वृद्ध स्त्रिया माझ्या ओळखीत आहेत. भाडे वाढवणारा प्रत्येक जण लुटारू नसतो.

पण वाढ किती आणि कशी, हा प्रश्न उरतोच. भाव ठरवतो कोण? माझ्या अनुभवात तो एजंट ठरवतो. एकाच्या अठरा हजारांची बातमी तो दहा मालकांना सांगतो, आणि दहाही जणांना आपण फसतो आहोत असे वाटू लागते. भाडेकरू बदलला की त्याला नवी दलाली मिळते. जुना भाडेकरू त्याच जागेत पाच वर्षे सुखाने राहिला, तर त्यात त्याचा काय फायदा?

टंचाईचा दुसरा परिणाम याहून वाईट आहे. दारात रांग लागली की मालकाच्या हाती नुसती भाडे वाढवण्याची नव्हे, माणसे निवडण्याची सत्ता येते. आडनाव काय? मांसाहार करता का? एकट्या मुलीला नको, अविवाहितांना नको, अमक्या धर्माचा नको, तमक्या वस्तीतला नको. माझ्याच सोसायटीच्या सभेत 'पोरांना जागा देऊ नका' असा ठराव मांडला गेला. मांडणारे गृहस्थ स्वतः तीस वर्षे एका वाड्यात भाडेकरू होते.

उपाय काय? जुने गोठवणे परत आणा, असे माझ्यासारखा माणूस म्हणू शकत नाही. माईंचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. बर्लिन शहराने २०२० साली भाडी पाच वर्षांसाठी गोठवली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पण जर्मनीत त्याआधीपासून एक साधा नियम आहे. चालू भाडेकरूचे भाडे तीन वर्षांत साधारणपणे वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, टंचाईच्या शहरांत पंधरा टक्क्यांपेक्षा. भाडे गोठत नाही आणि उसळतही नाही. आपल्याकडे चार टक्के आणि अमर्याद यांच्या मध्ये काहीच नाही. ही मधली जागा भरायला हवी.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात काही चांगल्या गोष्टी आहेत. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, भाडेवाढीची लेखी सूचना तीन महिने आधी हवी, तंट्यांसाठी वेगळी यंत्रणा हवी. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोपवले आहे, आणि भाड्याच्या आकड्यावर त्यात मर्यादा नाही. माझ्या मते त्यापुढे जायला हवे. परवानाधारकाने नीट वागून, वेळेवर भाडे भरून राहायचे ठरवले, तर त्याला निदान तीन वर्षे त्याच जागेत राहण्याचा हक्क असावा, आणि त्या काळातली वाढ पहिल्याच करारात लिहिलेली असावी. बदल्यात, तीन वर्षांनी जागा परत मिळण्याची आजची खात्री मालकाला तशीच राहावी. भाड्याने दिलेल्या घराला मिळकतकरात सवलत द्यावी, मात्र करार नोंदवलेला असेल तरच. कॉट बेसिसचा सगळा व्यवहार तोंडी चालतो, तो आधी कागदावर आणावा. नोंदणी ही कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे, हे किती मालकांना ठाऊक आहे?

आणि शेवटी, घरेच हवीत. देशाच्या शहरांत १९६१ साली निम्म्याहून अधिक, चोपन्न टक्के घरे भाड्याची होती. २०११ मध्ये ते प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांवर आले. त्याच जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे चार लाख ऐंशी हजार घरे रिकामी आढळली. प्रत्येक सरकारने घर विकत घ्यायला मदत केली. भाड्याने राहणाऱ्याला मात्र आज ना उद्या घर घेणारा वाटसरू समजून सोडून दिले. पेठांत शिकायला येणारी हजारो मुले पुण्यात घर घ्यायला येत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी वसतिगृहे पुरेशी असती, तर एजंटाला पाच कॉटचा हिशेब मांडायला जागाच उरली नसती.

त्या रविवारी संध्याकाळी मी सदाशिव पेठेत गेलो. तिन्ही मुले होती. एजंटाने त्यांना परस्पर अठराचा आकडा सांगून ठेवला होता. हिंगोलीच्या मुलाने बहुधा पाठ करून ठेवलेले वाक्य म्हटले, "काका, परीक्षा होईपर्यंत तरी थांबा." मी त्यांना तेरा हजार सांगितले, दोन वर्षांचा करार, मध्ये वाढ नाही, नोंदणीचा खर्च निम्मा निम्मा. वर्षाला बारा हजारांची वाढ मी घेतलीच. फुकट दिले असे कोणी समजू नये.

ते ऐकून तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काका, भाड्याची पावती द्याल का दर महिन्याला? घरी दाखवायला लागते." पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि मी इतक्या वर्षांत कोणालाच दिली नव्हती. कोणी मागितलीही नव्हती. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पावतीपुस्तक घेतले. घरी आल्यावर ते ठेवायला जागा शोधत होतो, तेव्हा माळ्यावरचा डबा खाली काढला. माईंनी नाकारलेल्या आठ वर्षांच्या मनिऑर्डरींवर ते पुस्तक ठेवले आणि झाकण लावले.